कात्रीबाईंचा विमा आणि मी

मी एक जुना पेसमेकर आहे. काडेपेटीहून थोडा लहान, कडा गुळगुळीत, आणि स्वभावाने अतिशय काळजीखोर. मित्रांनो, तुम्ही घड्याळे पाहिली असतील, पंखे पाहिले असतील, पण माझ्यासारख्याला पाहण्याचा योग सहसा येत नाही, कारण आमचे सगळे आयुष्य माणसाच्या कातडीखाली जाते. खांद्यापासून गळ्याकडे येणारे जे हाड असते, त्याच्या खाली आमची खोली. तिथून एक बारीक तार शिरेतून थेट हृदयापर्यंत जाते. हृदय ठोका द्यायला विसरले की आम्ही त्या तारेतून हलकासा धक्का देतो आणि हृदय भानावर येते. ते आपले आपण चालत असेल, तर आम्ही चकार शब्द काढत नाही. ऐकत बसायचे आणि वेळ आली की बोलायचे, एवढाच आमचा उद्योग. ज्याला काळजी करता येत नाही, त्याने पेसमेकर होऊ नये.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथल्या खोलीत धुळीचा कणही नव्हता. काम करणारी माणसे डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली, नुसते डोळे काय ते दिसायचे. त्यांनी माझ्या पोटात एक बॅटरी ठेवली आणि मला चारही बाजूंनी कायमचे बंद केले. ही बॅटरी म्हणजे आमची जन्माची शिदोरी. मोबाइलसारखे आम्हाला रोज भरता येत नाही. आहे त्यात भागवायचे, आणि ती संपत आली की आमच्या जागी दुसऱ्याने यायचे. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते. तरीही माहीत असणे वेगळे आणि ती वेळ जवळ येणे वेगळे.

मी ज्यांच्याकडे आलो, त्या बाई एका शिवणाच्या कारखान्यात कापड कापायच्या. डॉक्टरांचे पांढरे कोट, परिचारिकांचे सदरे, असले कपडे तिथे शिवले जायचे. कापडाचे थरावर थर रचायचे, वर खडूने आखायचे आणि मग कात्री चालवायची, ती एका दमात. त्यांच्या हाताला इतकी सफाई होती, की सगळे त्यांना कात्रीबाई म्हणत. घरच्यांनीही तेच नाव उचलले होते. त्यांचे यजमान मात्र ‘अगं’ यापलीकडे त्यांना कुठल्याच नावाने हाक मारत नसत. ते कोपऱ्यावरच्या एका खोपटात कुलपे दुरुस्त करायचे. दिवसभर कुलपांशी काम पडत असल्यामुळे की काय, त्यांचेही तोंड क्वचितच उघडे.

एके दुपारी कात्रीबाई हातात कात्री असतानाच कापडाच्या ढिगाऱ्यावर कोसळल्या. ढीग होता म्हणून लागले नाही. त्याआधीही त्यांना दोनतीनदा डोळ्यांपुढे अंधारी आली होती, पण ‘जेवायला उशीर झाला’ म्हणून त्यांनी ती गोष्ट कापडासारखी घडी घालून बाजूला ठेवली होती. दवाखान्यात कळले, की त्यांचे हृदय मध्येच थांबते. आणि मग माझी पाठवणी झाली. सगळा खर्च कारखान्याच्या विम्यातून निघाला. कात्रीबाईंना एका कागदावर सही करावी लागली, बस्स. विमा नावाच्या गोष्टीशी माझी ओळख झाली ती अशी, सुखाची.

पहिले काही महिने माझे कोडकौतुक विचारू नका! शिवणाऱ्या बाया जेवणाच्या सुट्टीत पदराआडून माझा उंचवटा हळूच चाचपून बघायच्या. “आत टिकटिक होतं का गं?” असे विचारायच्या. कात्रीबाई मोबाइल उजव्या कानाला लावू लागल्या, कारण डावीकडे मी राहतो. पिशवी उजव्या खांद्यावर आली. मग हळूहळू माझी सवय झाली आणि सगळे मला विसरले. मला त्याचे वाईट वाटले नाही. त्या जिन्यावरून भराभर चढत, बस गाठायला पळत, हसताना पोट धरत. आणि मी आतून लक्ष ठेवून असे. अशी बरीच वर्षे गेली.

आणि मग कारखाना बंद झाला.

बंद म्हणजे विकला गेला. नव्या मालकाला इमारत हवी होती, माणसे नको होती. कारकुनाने सगळ्यांना एका खोलीत बोलावून सांगितले, की ज्यांना हवे त्यांनी घरून नगावर काम करावे. कात्रीबाईंनी एकच प्रश्न विचारला.

“आणि आमचा विमा?”

“विमा कारखान्याचा होता, बाई,” कारकून म्हणाला. “कारखाना नाही, तर विमा नाही. महिनाअखेरपर्यंत आहे.”

“तोच पुढं माझ्या नावावर नाही चालणार?”

“मी विचारलं होतं. तशी सोय नाही म्हणाले.”

कात्रीबाईंचा हात नकळत डाव्या खांद्याखाली आला. कितीतरी दिवसांनी त्यांना माझी आठवण झाली होती.

मित्रांनो, त्या दिवसापासून आमच्या घरातली शांतता गेली. कात्रीबाईंना एक धाकटे दीर आहेत. ते विम्याचे एजंट आहेत. दोन मोबाइल, एक कायम वाजणारा आणि दुसरा त्याच्या पाठोपाठ वाजणारा. माणूस मनाने मोठा, पण एका जागी दोन मिनिटे बसेल तर शपथ. ते त्याच संध्याकाळी आले आणि खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले, “वहिनी, अजिबात काळजी करायची नाही. मी कशाला आहे मग? पण आधी डॉक्टरांना विचारून येऊ, हे मशीन अजून किती दिवस चालेल.”

दुसऱ्या दिवशी तिघेही माझ्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी माझ्यावर एक चपटी वस्तू ठेवली आणि आपल्या यंत्रावर माझी शिदोरी वाचली.

“साधारण दोन वर्षं जाईल,” ते म्हणाले. “थोडं इकडेतिकडे.”

तेव्हा कधी नव्हे ते कुलूप दुरुस्त करणारे यजमान बोलले. “डॉक्टरसाहेब, आत्ताच बदलता येणार नाही का? महिनाअखेरच्या आत? तोवर विमा आहे.”

“चांगलं चाललेलं मशीन काढून कसं टाकणार? बॅटरी थकल्याची खूण त्यानं स्वतः दिल्याशिवाय आम्ही हात लावत नाही. आणि विमेवालेही मान्य करणार नाहीत.”

“म्हणजे हे बंद पडायला आलेलं असतं, तर बरं झालं असतं,” यजमान स्वतःशीच म्हणाले. ते माझ्यावर रागावले नव्हते. पण माझ्या तोंडावर इतके स्पष्ट कुणी कधी बोलले नव्हते. ज्याने आपले काम चोख केले, शिदोरी काटकसरीने वापरली, त्याची काटकसरच घरच्यांच्या मुळावर आली होती. मी अगदी ओशाळून गेलो.

दिरांनी विचारले, “डॉक्टर, हे मशीन सारखं चालू असतं का हो?”

“नाही. हृदय स्वतःहून चाललं, की हे गप्प बसतं.”

एवढ्यात दिरांचा मोबाइल वाजला आणि ते “हॅलो, हॅलो” करत बाहेर गेले. डॉक्टरांचे वाक्य अजून संपले नव्हते. ते कात्रीबाईंच्या यजमानांकडे बघून म्हणाले, “यांचं बसल्याजागी बहुतेक वेळ बरं चालतं. पण चढण आली की यांचं हृदय वेग घेत नाही. मग श्वास वाढलेला याला कळतो आणि हाच तो वेग देतो.” यजमानांनी मान हलवली. ते दोन वर्षांच्याच विचारात होते. कात्रीबाई कागद गोळा करत होत्या. त्या अर्ध्या वाक्याची किंमत पुढे आम्हाला मोजावी लागली.

विम्याचा शोध सुरू झाला. दीर सांगतील त्या कंपन्यांना कात्रीबाई मोबाइल लावायच्या. पलीकडून गोड आवाज यायचा. वय किती, राहता कुठे, तंबाखू खाता का, मधुमेह आहे का. कात्रीबाई ‘नाही, नाही’ करत उत्तरे द्यायच्या आणि पलीकडचा आवाज आणखी गोड होत जायचा. मग तो प्रश्न यायचा.

“हृदयाचं काही, मॅडम?”

“पेसमेकर आहे.”

त्यानंतर जी शांतता पसरायची, ती मी कधी विसरणार नाही. हृदय थांबल्यावर असते, तशीच. फरक एवढाच, की तिथे धक्का देऊन मला काही करता येत नव्हते. मग आवाज म्हणायचा, “मॅडम, आत्ता तरी आमच्याकडे तुमच्यासाठी योजना नाही.” एकाने तर ‘थांबा हं’ म्हणून गाणे लावून ठेवले आणि परत आलाच नाही. कात्रीबाईंनी ते गाणे बराच वेळ ऐकले.

मी नसतो तर त्यांना कुणीही विमा दिला असता. आणि मी नसतो तर विमा मागायला त्याच उरल्या नसत्या. या विचाराच्या घाण्याला मी जुंपला गेलो होतो.

महिना संपत आला तशी घरात कुरबुर वाढली. भाजी खारट झाली की यजमान गप्प, आणि ते गप्प का म्हणून कात्रीबाई रागावलेल्या. अशाच एका संध्याकाळी दीर आले. त्यांनी टेबलावर एक अर्ज पसरला. तो त्यांनी भरूनच आणला होता.

“वहिनी, इथे सही करा.”

कात्रीबाईंनी चष्मा लावून वाचले. हृदयाच्या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहिले होते.

“भाऊजी, हे बरोबर आहे का?”

“खोटं काय त्यात? आजार होता, मशीन बसवलं, बरा झाला. बऱ्या झालेल्या माणसाला काय आजारी म्हणायचं?”

“अरे पण,” यजमान म्हणाले, “उद्या मशीन बदलायची वेळ आली की त्यांना कळणारच ना?”

“दादा, एकदा पॉलिसी हातात पडू दे. काही वर्षं हप्ते भरले की जुनं कुणी उकरत बसत नाही. आणि तोवर काही नसण्यापेक्षा काहीतरी असलेलं बरं.”

“ते तपासणीला बोलावतील. ईसीजी काढतील.”

इथे दीर हसले. “त्याचीच तर युक्ती आहे माझ्याकडे. डॉक्टर काय म्हणाले? हृदय पळायला लागलं, की मशीन गप्प. मग आपण ते पळवायचं! तपासणी केंद्र चौथ्या मजल्यावर आहे. वहिनींनी जिन्यानं चढायचं, भराभर. छाती धडधडत असतानाच ईसीजी. मशीनचा आवाजसुद्धा येणार नाही. आणि खांद्याखालच्या व्रणाचं विचारलं तर गाठ काढली म्हणायचं.”

मित्रांनो, मी आतून जिवाच्या आकांताने ओरडत होतो. उलटे आहे, हो! जिना म्हणजे तर माझे मुख्य काम. त्या चढू लागल्या, की मी सगळ्यात जास्त बोलतो. गप्प ठेवायचे असेल तर लिफ्टने न्या, पाणी पाजा, शांत बसवा! पण आमची भाषा एकच, आणि ती एका हृदयाखेरीज कुणाला कळत नाही.

कात्रीबाईंनी सही केली. कापडावर एकदा चाललेली कात्री मागे घेता येत नाही, हे त्यांच्याहून कुणाला ठाऊक? तरीही त्यांनी केली.

तपासणीच्या दिवशी तिघे सकाळी निघाले. इमारतीला चांगली लिफ्ट होती. लिफ्टवाल्याने दार उघडून धरले, तर दीर म्हणाले, “नको नको, आम्हाला व्यायाम करायचाय.” चौथा मजला येईपर्यंत कात्रीबाईंना धाप लागली. आणि मी? मी घोड्यावर बसलो होतो. त्यांच्या श्वासाबरोबर ठोक्यावर ठोका देत होतो. आणि वर पोहोचल्यावर कळले, की आधीचे तिघे जण अजून आत जायचे आहेत.

“बसू नका, वहिनी,” दीर कुजबुजले. “छाती शांत होईल.”

“भाऊजी, आता नाही हो होत.”

“थोडंच. एक मजला खाली, एक मजला वर.”

त्या उतरल्या, चढल्या. पुन्हा उतरल्या. लिफ्टवाला दर वेळी दार उघडून आशेने बघायचा. यजमान वरच्या पायरीवर त्यांची पिशवी घेऊन उभे होते. त्यांचा चेहरा पडला होता. “पुरे रे,” ते एकदा भावाला म्हणाले, पण तेवढ्यात नाव पुकारले गेले.

आत पडद्यामागे एक खाट होती. ईसीजी काढणारी मुलगी नवखी होती. तिने छातीवर गार गार चिकटपट्ट्या लावल्या आणि वायर आणायला वळली. तेवढ्या वेळात कात्रीबाई, ओठ न हलवता, माझ्याशी बोलल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

“आजच्या दिवस गप्प बस रे बाबा. एवढं एकदाच ऐक.”

त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितले नव्हते. आणि पहिल्यांदा मागितले, ते नेमके मला न देता येण्यासारखे. श्वास भात्यासारखा चालला होता, हृदय मागे पडत होते आणि मी धक्के देत होतो. मला त्या वेळी स्वतःचा जितका राग आला, तितका कधीच आला नाही. यंत्रातून कागद सरकू लागला. प्रत्येक ठोक्याआधी एक बारीक उभी रेघ. ती रेघ म्हणजे मी.

मुलीने कागद डोळ्यांजवळ नेला. “मावशी, किती धापा टाकताय! सगळ्या रेघा उठल्यात. कागद थरथरलाय नुसता.” तिने तो चुरगळून टोपलीत टाकला. “दहा मिनिटं शांत पडा. मग परत काढते. घाई नाही.”

तिने मला ओळखलेच नव्हते; पदराआडचा माझा उंचवटाही तिच्या नजरेतून सुटला होता. ती निघून गेली. पडद्यामागे कात्रीबाई एकट्या राहिल्या. श्वास हळूहळू खाली बसला. हातपाय सैल झाले. आणि त्यांचे हृदय आपले आपण चालू लागले, संथ, नीटनेटके. मी ऐकत राहिलो. मला बोलायचे काही कारणच उरले नाही.

दुसरा कागद आला तो स्वच्छ. एकही उभी रेघ नाही. “आता कसा छान आला!” मुलगी म्हणाली. पडद्याच्या फटीतून दिरांनी तो पाहिला आणि त्यांचे तोंड असे उजळले, की विचारू नका. कात्रीबाईही कोपरावर उठून पाहू लागल्या. त्यांना मी हवा होतो तसाच गप्प होतो. सगळे जमून आले होते. पण माझी ती उभी रेघ त्यांनी डॉक्टरांकडच्या कागदांवर पाहिली होती, आणि इथे ती नव्हती.

त्यांनी तळवा माझ्यावर घट्ट दाबला. “बंद तर नाही ना पडलास?” त्या पुटपुटल्या.

मी बंद पडलो नव्हतो. पण त्यांना हे कोण सांगणार? शेजारच्या खोलीत विमा कंपनीचे डॉक्टर बसले होते. त्यांनी स्वच्छ कागद पाहिला, पेन उघडले आणि अर्जावरचे प्रश्न एकेक वाचू लागले. दीर मागे उभे राहून प्रत्येक ‘नाही’ला मान डोलावत होते.

“हृदयाचा काही त्रास?”

कात्रीबाई कागदाकडेच पाहत होत्या.

“नाही, नाही, काही नाही,” दीर म्हणाले.

“भाऊजी, थांबा जरा.” त्यांनी डॉक्टरांकडे पाहिले. “डॉक्टर, मला पेसमेकर आहे. या कागदावर तो दिसत नाहीये. तो चालू आहे ना, एवढं बघता का?”

दिरांचा मोबाइल वाजू लागला आणि आयुष्यात प्रथमच त्यांनी तो उचलला नाही. डॉक्टरांनी पेन खाली ठेवले, कात्रीबाईंची नाडी धरली आणि त्यांना जागच्या जागी थोडे चालायला लावले. चालता चालता मी पुन्हा कामाला लागलो, आणि नव्याने काढलेल्या कागदावर त्या उभ्या रेघा उमटल्या.

“हा काय, चालू आहे,” डॉक्टर म्हणाले. “नको तेव्हा गप्प राहतो, हवा तेव्हा बोलतो. असंच असायला हवं.” मग त्यांनी अर्जाकडे बोट केले. “पण बाई, हे असं पुढे जाणार नाही. मला खरं तेच लिहावं लागेल.”

“लिहा,” कात्रीबाई म्हणाल्या आणि खुर्चीत बसून लहान मुलीसारख्या रडल्या. आनंदाने की भीतीने, मला सांगता येणार नाही. हृदय दोन्ही वेळी सारखेच धडधडते.

बाहेर आल्यावर दीर पायरीवरच बसले. “महिना संपायला चार दिवस उरलेत, वहिनी. आता दादाला तोंड कसं दाखवू? घरात एजंट असून घरच्यांनाच विमा नाही.”

“दादा इथेच उभे आहेत, भाऊजी, बघून घ्या तोंड,” कात्रीबाई डोळे पुसत म्हणाल्या. “आणि उतरताना मात्र मी लिफ्टनं जाणार. तुम्हाला व्यायाम करायचा तर करा.”

यजमान हसले. मग दीरही हसले. पण महिना संपला आणि विमा गेला, हे काही हसण्याने टळले नाही. पुढचे काही आठवडे आमच्या डोक्यावर विम्याचे छप्पर नव्हते. कात्रीबाई रस्ता ओलांडताना दोनदा बघायच्या. यजमानांना साधी शिंक आली, तरी दोघे एकमेकांकडे पाहायचे. दीर आता खरे सांगूनच दारे ठोठावत होते. माझ्या डॉक्टरांचे पत्र, तपासण्यांचे कागद, सगळे घेऊन ते जिथेतिथे जाऊन बसायचे आणि म्हणायचे, “माझ्या वहिनीला पेसमेकर आहे. हे आधीच सांगतो. आता बोला.”

शेवटी एक कंपनी बोलली. हप्ता जास्त घेऊ, म्हणाली. बाकी सगळ्या आजारांना विमा देऊ, पण हृदयाशी संबंधित काहीही असेल तर दोन वर्षे थांबावे लागेल. म्हणजे माझ्यासाठी दोन वर्षे. आणि माझी शिदोरी किती? दोन वर्षे, थोडे इकडेतिकडे.

आता सगळ्यांना मी जगायला हवा होतो! डॉक्टरांनी माझ्या धक्क्याचा जोर जपून थोडा कमी केला, म्हणजे शिदोरी पुरवून पुरवून लागेल. मी एकेक धक्का विचार करून देऊ लागलो. रोज सकाळी दिरांचा फोन यायचा, “वहिनी, आपलं मशीन काय म्हणतंय?” आणि कात्रीबाई म्हणायच्या, “झोपलंय. उठवू का?” बोलायच्या अशा, पण पायऱ्या चढताना थांबून माझा अंदाज घ्यायच्या.

मुदत संपायला दीडएक महिना राहिला असेल, आणि माझी खूण आली. आम्हा पेसमेकरांची बॅटरी थकली, की आम्ही आपोआप एका ठरावीक संथ चालीवर जातो. श्वास वाढला तरी वेग देत नाही. कात्रीबाईंना बाजारातून येताना धाप लागली आणि त्या समजल्या.

डॉक्टर म्हणाले, “खूण आल्यावरही हे साधारण तीन महिने चालतं. तुमचं हृदय बसल्याजागी चालतंय, म्हणून थांबू शकतो. पण चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर विमा गेला खड्ड्यात, त्याच क्षणी यायचं. कळलं?”

“कळलं,” तिघेही एकदम म्हणाले.

ते दिवस मला आठवले, तरी आजही कसेसे होते. यजमानांनी दुकान बंद ठेवले आणि ते घरी बसून राहिले. कात्रीबाई न्हाणीघरात गेल्या, की ते दाराबाहेर उभे राहून विचारायचे, “अगं, आहेस ना?” आतून उत्तर यायचे, “आहे हो, जाते कुठे?” दार आतून लावायला मात्र त्यांनी बंदी केली होती. आणि मी आत बसून एकच घोकत होतो, आज नाही, आज नको.

मुदत संपली. दुसऱ्याच दिवशी कात्रीबाई दवाखान्यात भरती झाल्या.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. ती इथेच करून ठेवतो, कारण पुढचे सांगितल्यावर मला बोलवणार नाही. तुमच्या आईच्या, आजोबांच्या, शेजारच्या काकूंच्या अंगात माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याची पुढची तपासणी कधी आहे हे तुम्ही विचारा. घरातल्या कुणाच्या नोकरीबरोबर विमा जाणार असेल, तर मोठ्यांना वेळेवर आठवण करून द्या. आणि आमच्यामुळे कुणी नाही म्हणाले, दार लावून घेतले, तरी आम्हाला लपवायला त्यांना शिकवू नका. आम्हाला गप्प बसता येत नाही. आणि खरे म्हणजे त्यांनाही ते नको असते.

शस्त्रक्रियेच्या वेळी कात्रीबाई जाग्याच होत्या. फक्त माझ्या भोवतीची जागा बधिर केली होती. डॉक्टरांनी मला अलगद बाहेर घेतले. इतक्या वर्षांनी माझ्यावर उजेड पडला, पण माझे उजेडाकडे लक्ष नव्हते. माझी तार सुटत होती.

“निघाला का तो?” हिरव्या कापडाखालून कात्रीबाईंनी विचारले.

“निघाला.”

“टाकू नका त्याला.”

तार सुटली. मला एका गार ट्रेमध्ये ठेवले. शेजारच्या यंत्रावर त्यांचा ठोका वाजत होता, तो थांबला. नवा पेसमेकर डॉक्टरांच्या हातात होता, पण त्याचा स्क्रू अजून बसला नव्हता. मी सवयीने धक्का दिला. तो कुठेच गेला नाही. मी आणखी एक दिला.

मग यंत्र वाजले. तो धक्का माझा नव्हता, नव्याचाही नव्हता. मग आणखी एकदा वाजले, आणि आणखी एकदा, तोवर नव्याला तार मिळालीसुद्धा. पण ते तीन ठोके कात्रीबाईंच्या हृदयाने कुणाच्याही मदतीवाचून दिले होते. मी ट्रेमध्ये पडून ते ऐकले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझी काळजी मिटली.